भैयाच्या गाडीचा सायलेन्सर

माझ्या बाबांनी आयुष्यात कधी दारू प्यायलेली नाही. हे मी पहिल्याच ओळीत लिहून टाकते. पुढचं कुणी वाचलं नाही तरी चालेल, पण एवढं वाचलं जावं.

बाबा ड्रायव्हर आहेत. आजोबा भंडाऱ्याकडून जबलपूरला कारखान्याच्या कामाला आले आणि आम्ही इथलेच झालो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. मी इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मी नक्की काय शिकते हे घरी कुणाला नीट सांगता येत नाही. आत्या विचारते, "मेकॅनिकल म्हणजे गॅरेजच ना व?" मी हो म्हणते. समजावून सांगायला गेले की माझे शब्द अडखळतात. वर्गातही अडखळतात. हे लिहितानाही तसंच होतं आहे, पण राग असला की हात जरा भराभर चालतो.

बाबा एका ठेकेदाराच्या बंगल्यावर बरीच वर्षं कामाला होते. साहेबांची मोठी गाडी दिवसभर साइटवर असायची, ती साहेब स्वतः चालवायचे. बाबांकडे घरची कामं होती, म्हणजे मॅडमना नेणं-आणणं, बाजार, बँक. साहेबांच्या मुलाला आम्ही सगळेच भैया म्हणायचो. त्याने मागच्या वर्षी एक वेगवान गाडी घेतली. बुटकी, रुंद चाकांची, टर्बो इंजिनाची. घरची जुनी गाडी विकून टाकली गेली आणि दिवसा मॅडमचा ड्रायव्हर म्हणून बाबा भैयाची गाडी चालवू लागले. संध्याकाळी ती भैयाची.

पहिले काही दिवस बाबा खूश होते. "गाडी नाही बेटा, हरीण हाये," असं म्हणायचे. पाय ठेवला की उडते म्हणायचे. मला त्या गाडीविषयी खूप काही विचारायचं असायचं, पण बाबांना एवढंच ठाऊक होतं की ती चांगली पळते आणि मॅडमना ती आवडत नाही, कारण बसताना वाकावं लागतं.

मग भैयाला तिचा आवाज कमी वाटू लागला.

गाडीचा आवाज कमी असणं ही काय तक्रार आहे, हे बाबांना कळलंच नाही. त्यांचा सगळा जन्म गाडीतून कसलाही आवाज येऊ नये यासाठी खटपट करण्यात गेला होता. डिक्कीत सैल पाना वाजला तरी ते गाडी थांबवायचे. पण भैयाने ठरवलं की सायलेन्सर बदलायचा. गोहलपूरला एक मिस्त्री आहे, तो अशा गाड्यांचे पाइप बनवून देतो. बाबांनी गाडी तिकडे न्यायची होती. मला सुट्टी होती. मी म्हटलं, मीही येते. बाबांनी भैयाला विचारलं आणि भैया हसून म्हणाला, "हाँ हाँ, ले आओ चाचा, इंजीनियर साहब भी देख लें."

मला तेव्हा ते थट्टेचं वाटलं नव्हतं. मी नवा ड्रेस घालून गेले होते.

मिस्त्रीकडे गाडी वर उचलली होती, भैयाही आला होता. तिच्याखाली उभं राहून मी पहिल्यांदा खरोखरचा एक्झॉस्ट पाहिला. इंजिनापासून मागच्या बंपरपर्यंत एक लांब पाइप, मध्ये फुगवटे. मिस्त्री बोट दाखवत गेला. पुढचा फुगवटा म्हणजे कॅट, त्याच्या आत जाळीदार दगडासारखा ठोकळा असतो आणि धुरातला विषारी भाग तिथे बराचसा मारला जातो. मधला फुगवटा आवाज खातो, मागचा उरलेला आवाज खातो. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण पुस्तकात त्याला चिखल लागलेला नसतो.

भैयाला तिन्ही नको होते. सरळ नळी हवी होती. मागे एक झडप, रिमोटने उघडणारी. झडप बंद असली की आवाज थोडा कमी, उघडली की अख्खी गल्ली मागे वळून बघेल असा. आणि हे सगळं काढता-लावता आलं पाहिजे होतं, कारण कंपनीच्या सर्व्हिसिंगला नेताना जुने पाइप परत बसवायचे होते.

"तो फिर वेल्डिंग नहीं करूँगा," मिस्त्री म्हणाला. "एक पाइप दूसरे में घुसा के क्लँप मार देता हूँ. मगर भैया, क्लँप का सुनो. एक बार गाड़ी अच्छे से गरम होके ठंडी होगी न, तो ढीला पड़ेगा. परसों ले आना, दुबारा कसना पड़ेगा. और मसाला लगाया है जोड़ पे, उसको आज रात सूखने दो."

"आज शाम को बरगी डैम जा रहे हैं यार, सब गाड़ियाँ आ रही हैं. वीडियो बनना है."

"सूखेगा नहीं."

"अरे चल जाएगा."

मिस्त्रीने खांदे उडवले. मला त्याचाही राग येतो, आजही. त्याला माहीत होतं. त्याने सांगितलं आणि सोडून दिलं. झडपेची वायर आत घ्यायला त्याने मागच्या सीटखालचं, गाडीच्या तळातलं एक रबरी बूच काढलं. वायर गेली. बूच परत बसलं नाही, कारण वायर मध्ये येत होती. ते बाकावर पडून राहिलं.

गाडी सुरू झाली तेव्हा माझ्या छातीत धडधडलं. तो आवाज कानापेक्षा जास्त छातीत ऐकू येत होता. भैयाने दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "आता हे घेऊन मी मॅडमले भाजी बाजारात कसा नेऊ?"

त्या आठवड्यात बाबांनी भैयाला दोनदा आठवण करून दिली की गाडी परत कसायला न्यायची आहे. एकदा माझ्यासमोर फोनवर. "हाँ चाचा, ले चलेंगे." दुसऱ्यांदा भैया म्हणाला, "चाचा, आपको तो बस गोहलपुर घूमने का बहाना चाहिए." बाबा नुसते हसले.

त्यानंतर बाबांचं डोकं दुखायला लागलं.

रोज नाही, पण वरचेवर. दुपारी घरी जेवायला आले की कपाळ धरून बसायचे. मळमळायचं. आई म्हणायची, त्या गाडीच्या आवाजानं होते हे. आम्हा सगळ्यांनाच ते पटलं. एवढ्या आवाजात दिवसभर बसलेल्या माणसाचं डोकं दुखणार नाही तर काय होणार? आईने कापसाचे बोळे करून दिले कानात घालायला. बाबा ते खिशात ठेवायचे. मॅडमने मागून काही म्हटलं आणि ऐकू आलं नाही तर काय, म्हणून कानात कधी घातले नाहीत.

मे महिन्यात मॅडमच्या मैत्रिणीकडे साखरपुडा होता, दुपारचा, शहराबाहेरच्या मॅरेज गार्डनमध्ये. आतून मॅडमचा फोन आला की निघायचं आहे, गाडी थंड करून ठेवा. बाबांनी सगळ्या काचा लावल्या, गाडी सुरू केली, एसी लावला आणि वाट पाहत बसले. मॅडमचं निघणं म्हणजे काय हे ड्रायव्हर लोकांना माहीत असतं. मिठाईचे डबे, फोटो, निरोप, मग पुन्हा एक फोटो. मध्ये दोन वेळा त्या दारापर्यंत येऊन परत गेल्या. बाबा उभ्या गाडीत बसून होते. इंजिन चालू, काचा बंद.

शेवटी मॅडम आल्या. बाबांनी उतरून दार उघडलं तेव्हा त्यांचा तोल गेला. ते दाराला धरून उभे राहिले. मग गाडी वळवताना फाटकाचा खांब त्यांना दिसला, पण तो कुठे आहे ते कळेना, असं त्यांनी नंतर सांगितलं. गाडीची एक बाजू खांबाला घासली. बाबा खाली उतरले आणि तिथेच उलटी केली. जीभ जड झाली होती, शब्द नीट फुटत नव्हते.

फाटकावरचा गार्ड म्हणाला, "मैडम, पिए हुए है."

मॅडम बाजूला सरकल्या. कुणीतरी भैयाला फोन लावला. भैया मित्राच्या गाडीतून आला. आधी त्याने गाडीवर उठलेला ओरखडा पाहिला. बोट फिरवून पाहिला. मग बाबांकडे वळला.

"चाचा, दारू पी के मेरी गाड़ी चला रहे थे?"

आणि बाबा म्हणाले, "गलती हो गई भैया."

हे मला समजावून सांगावं लागेल, कारण जो कुणाच्या बंगल्यावर कामाला नसतो त्याला हे वेडेपणाचं वाटेल. बाबा कशालाही "गलती हो गई" म्हणतात. टायर पंक्चर झाला, गलती हो गई. मदन महलच्या पुलावर गर्दीत अडकले आणि उशीर झाला, गलती हो गई. मॅडमनीच पत्ता चुकीचा सांगितला, तरी गलती हो गई. समोरचा काय म्हणतोय हे ऐकून घ्यायच्या आधीच ते तोंडातून निघतं. त्यामुळे समोरच्याचा आवाज खाली येतो आणि दिवस पुढे जातो. इतकी वर्षं त्या शब्दांनी त्यांचं काम भागवलं. त्या दिवशी ते गरगरत उभे होते, भैयाचे शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचलेही नव्हते, फक्त ओरडणं पोहोचलं होतं. आणि त्यांनी नेहमीचं उत्तर दिलं.

झालं. कबूल केलं ना स्वतःच! चार लोकांसमोर.

रिक्षातून घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा विचित्र लालसर होता. रिक्षावाल्याने आईला सांगितलं, "सँभालो इनको, ज़्यादा हो गई है." आईने त्यांना खाटेवर बसवलं आणि मग तिने जे केलं ते मी विसरू शकत नाही. तिने वाकून त्यांचं तोंड हुंगलं. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर, कधी संशयही न घेता जगलेल्या बाईने नवऱ्याचं तोंड हुंगलं. बाबांनी डोळे मिटून घेतले.

"वास नाही येऊन राहिला," आई म्हणाली. माझ्याकडे बघून म्हणाली, जणू मी साक्षीदार होते.

दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. ते समजण्यासारखं होतं. पण साहेबांनी आणि भैयाने ओळखीच्या चार बंगल्यांवरही सांगितलं की याला ठेवू नका, पितो. पुढच्या चौकात चहाच्या टपरीवर सगळे ड्रायव्हर बसतात, तिथेही ते पोहोचलं. बाबा एका ठिकाणी काम विचारायला गेले तर तिथल्या चौकीदारानेच आतून निरोप आणला, "साहब कह रहे हैं, बोतल वाले नहीं चाहिए." आणखी एकाने समजूत घातल्यासारखं म्हटलं, "आजकल तो चाचा ऐसी भी मिलती है जिसकी बास ही नहीं आती. बच्चों का सोचो, छोड़ दो."

आम्ही बौद्ध आहोत. दर रविवारी वस्तीतल्या विहारात वंदना असते आणि त्यात पंचशील म्हणतात. पाचवं शील नशा न करण्याचं आहे. बाबा ते मोठ्याने म्हणणाऱ्यांपैकी होते. एकेकाळी आजोबा प्यायचे आणि बाबांनी ते पाहिलं होतं, म्हणून. त्या रविवारी बाबा गेले नाहीत. पुढच्याही नाही. आईने पांढरा सदरा काढून ठेवला, तो तसाच घडी घालून परत ठेवला. मी म्हटलं, तुम्ही चला, कोण काय म्हणते ते बघू. बाबा म्हणाले, "लोक काही म्हणणार नाहीत बेटा. फक्त पाचवं आलं का माझ्याकडे पाहतील."

मला तेव्हा कुणावर राग काढावा तेच समजत नव्हतं. बाबांवरच काढला. "तुम्ही बोलले काहून नाही? प्यायलो नाही म्हणायला काय झालं होतं?" ते म्हणाले, "मले काही समजतच नव्हतं त्या वक्ताला. डोक्यात भुंगा फिरत होता."

मग म्हणाले, "आता नाही दुखत डोकं. घरी बसल्यापासून एकदम बरं हाये."

"आवाज नाही ना आता," आई म्हणाली.

"आवाजाचं नाही वाटत मले," बाबा म्हणाले. "काचा उघड्या असल्या का आवाज जास्त, पण डोकं नाही दुखे. काचा बंद केल्या का आवाज कमी, अन् डोकं जास्त."

मी भात वाढत होते. हातातला चमचा तसाच राहिला.

हा धडा मी परीक्षेत लिहिला होता. कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गोंधळ, शुद्ध हरपणं. कॅट त्याचं बरंचसं दुसऱ्या वायूत रूपांतर करतो. कॅट काढला होता. क्लँप परत कसला नव्हता. जोडाच्या जवळच, मागच्या सीटखाली, बूच नसलेलं भोक होतं. उभ्या गाडीखाली धूर साचणार आणि त्या भोकातून आत येणार. काचा बंद. माझे बाबा माणूस म्हणून नाही, धडा म्हणून माझ्यासमोर बसले होते, आणि त्या धड्यातल्या ओळींखाली मी रंगीत पेनाने रेघा ओढल्या होत्या.

मी दुसऱ्या दिवशी एकटीच गोहलपूरला गेले. मिस्त्रीने आधी ओळखच दाखवली नाही. मग म्हणाला, "मैंने तो बोला था ले आना." मी म्हटलं, हो, बोलला होतात, मला ऐकू आलं होतं, पण तो जोड गळत असला तर कळणार कसं? बराच वेळ तो दुसऱ्याच गाडीखाली काम करत राहिला. मीही उभी राहिले. शेवटी वैतागून त्याने सांगितलं की चालू गाडीच्या मागच्या तोंडाला जाड कपडा दाबून धरायचा. जोड घट्ट असले तर धुराला वाट मिळत नाही, इंजिन गुदमरून बंद पडतं. बंद नाही पडलं तर धूर मध्येच कुठून तरी निघतोय. कान लावला की फुसफुस ऐकू येते.

"आपने उस दिन ये क्यों नहीं किया?"

"तुमने देखा न, उनको जल्दी थी."

सगळ्यांनाच कुणाची तरी घाई दिसते. मी निघाले.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील, रडतील, निदान सुटलो असं म्हणतील. आई तर पदर तोंडाला लावून रडूच लागली. बाबांनी नीट ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"मग आता त्या गाडीत कोण बसून राहिलं?"

भैयाने नवा ड्रायव्हर ठेवला होता. बरगीकडचा, लेकरं असलेला माणूस. बाबांनी चपला घातल्या. मी म्हटलं, आता मॅडमच्या योगाची वेळ झाली, तो काचा लावून गाडी थंड करत बसला असेल. बाबा म्हणाले, "म्हणूनच आता."

बंगल्यासमोर गाडी उभी होती. इंजिन चालू, काचा बंद, आत तो माणूस. शेजारच्या बंगल्यांचे दोन ड्रायव्हर आपापल्या गाड्या पुसत होते. चौकीदार खुर्चीवर होता. बाबा सरळ जाऊन काचेवर टकटक करू लागले.

"काँच नीचे करो भाई. बाहर आ जाओ ज़रा."

त्याने काच चार बोटं खाली केली. "चाचा, मुझसे क्या लड़ने आए हो? मुझे तो इन्होंने बुलाया."

"लड़ने नहीं आया. बाहर आओ, फिर बताता हूँ. गाड़ी बंद मत करना."

तो घाबरतच उतरला. बाबांनी त्याच्याकडूनच गाडी पुसायचं जाड फडकं मागितलं, चार घड्या केल्या आणि मागच्या नळकांड्यावर दाबून धरलं. मी रस्त्यावर आडवी होऊन खाली कान नेला. माझी ओढणी धुळीत होती, पुसणारे ड्रायव्हर हात थांबवून बघत होते, आणि मला कसलीही लाज वाटत नव्हती. इंजिन जरा अडखळलं, पण बंद पडलं नाही. बरोबर मध्यावर, मागच्या सीटखाली, फुसफुस सुरू झाली. साप असावा तशी. मी हात जवळ नेला तर गरम श्वास लागला. त्या नव्या ड्रायव्हरलाही मी खाली वाकायला लावलं, त्याचाही हात तिथे धरला.

"ये धुआँ अंदर आता है," मी म्हटलं. "दिखता नहीं, बास नहीं आती. नशे जैसा चढ़ता है. ज़्यादा बैठो तो आदमी उठता ही नहीं."

तो उठून उभा राहिला. कपाळावरून हात फिरवून म्हणाला, "मैं तो समझा धूप लग रही है."

तेवढ्यात भैया बाहेर आला. "ये क्या तमाशा लगा रखा है?"

मी सांगायला सुरुवात केली. अडखळले. हिंदी माझ्या तोंडात नेहमी असते, पण त्याच्यासमोर ती जागचीच हलेना. त्याने अर्ध्यातच तोडलं. "तू मुझे इंजीनियरिंग सिखाएगी? मैं रोज़ चलाता हूँ ये गाड़ी. मुझे तो आज तक कुछ नहीं हुआ."

आणि तेव्हा माझी जीभ मोकळी झाली. "आप काँच खोल के चलाते हैं भैया. आवाज़ सुनने के लिए. काँच बंद करके घंटा-घंटा तो ये लोग बैठते हैं."

एक ड्रायव्हर हलकेच "बाप रे" म्हणाला. भैयाने खाली वाकून पाहिलं, पण आडवा झाला नाही, कपडे खराब झाले असते. उठून म्हणाला, "तो कसवाने का बोलना था न."

"दो बार बोला था," बाबा म्हणाले.

"ठीक है यार चाचा. कल से आ जाओ आप. बात ख़त्म."

त्याने हे अगदी सहज म्हटलं, उदार होऊन. नवा ड्रायव्हर एकदम माझ्याकडे बघू लागला. मीच त्याची नोकरी घ्यायला आले होते, असं.

बाबा म्हणाले, "मैंने पी नहीं थी."

"हाँ हाँ, ठीक है."

"ठीक नहीं है." बाबांचा आवाज मी इतका मोठा कधी ऐकला नव्हता. चौकीदार खुर्चीतून उठला. "आपने चार घर में बोला, ये पीता है. टपरी पे बोला. मैंने ज़िंदगी में मुँह नहीं लगाया. जहाँ-जहाँ बोला है, वहाँ जाके बोलो कि नहीं पीता."

मॅडम तोवर फाटकात आल्या होत्या, हातात योगाची गुंडाळलेली चटई. त्यांनी सगळं ऐकलं असावं. त्या गाडीकडे बघत होत्या, बाबांकडे नाही. त्या मागच्या सीटवर, बरोबर त्या भोकावर बसायच्या. एवढंच त्यांना समजलं होतं हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "मेरा भी सिर भारी रहता था," असं त्या मुलाला म्हणाल्या. मग बाबांकडे वळून म्हणाल्या, "पर उस दिन आपने ही तो माना था, सबके सामने."

बाबांनी फडकं झटकलं, घडी केली आणि नव्या ड्रायव्हरच्या हातात दिलं. त्याला म्हणाले, "जब तक ठीक न हो, मत बैठना इसमें. कोई भी बोले." आणि वळून चालू लागले. मी मागून. मला अजून खूप बोलायचं होतं. मला त्या गाडीवर दगड घालायचा होता.

गाडी दुसऱ्याच दिवशी गोहलपूरला गेली. मॅडमचं डोकं दुखतं म्हटल्यावर एका दिवसात गेली. जोड वेल्ड झाला, भोक बुजलं. आवाज मात्र आहे तसाच आहे. कॉलेजच्या रस्त्यावरून कधी कधी जातो, मला लांबूनच ओळखू येतो. बंगल्यावरून कुणी कुठेही जाऊन काही सांगितलं नाही. सांगितलं ते पुसायचं फडकं हातात घेऊन ऐकत उभ्या असलेल्या त्या दोन ड्रायव्हरांनी. टपरीवर त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण काही दिवसांनी त्यांच्यातलाच एक आमच्या घरी आला. रिछाईतल्या एका कारखान्याच्या मालकाला ड्रायव्हर हवा आहे, मी तुमचं नाव टाकलंय, म्हणाला. आईने त्याला दोनदा चहा पाजला.

बाबा भेटायला जाऊन आले. काम मिळालं. मी विचारलं, काय काय विचारलं त्यांनी?

"काही नाही. लायसन पाहिलं. किती वर्षं चालवता. पीते तो नहीं हो."

"असं विचारलं?"

"सगळेच विचारतात बेटा. त्याच्यात काय."

"तुम्ही काय म्हटलं?"

"नाही म्हटलं. नाही प्यायलो कधी, पुढंही पिणार नाही."

ते जेवत होते, शांतपणे. मला ती शांतता सहन होईना. "अन् तुम्ही त्यायले काही विचारलं? गाडी कशी हाये, काही काढलं-घातलं हाये का तिच्यात, त्यायच्या पोराले आवाजाचा शौक हाये का?"

"असं मालकाले विचारतात काय?"

"काहून नाही विचारत?"

आई म्हणाली, "जेवू दे त्यायले." बाबा घास हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिले. ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. "उद्या गाडी पाहून घेतो," म्हणाले, "खालून."

"मी येते," मी म्हटलं.

"ये."